आधी डोळे

"आधी डोळे?" मी विचारलं. "आणि रंग नंतर?"

"हो, इंदूताई. आधी डोळे, मग रंग," केतकीवहिनी म्हणाली आणि तिने हातातल्या फूटपट्टीने भिंतीवरचा टीव्ही दाखवला.

तो टीव्ही आदल्याच दिवशी लागला होता. बायांना वाटलं, आता काम करता करता मालिका बघायला मिळणार. मिळाले रकाने. साचा, घासकाम, पांढऱ्या रंगाचा पहिला हात, रंग, आखणी, पॅकिंग. पेणजवळचा आमचा हा गणपतींचा कारखाना हिराजीशेठ मोकलांचा, आणि केतकी त्यांची सून. कारखाने कसे चालवायचे ते पुण्याच्या मोठ्या कॉलेजात शिकून आलेली. तिने प्रत्येक मूर्तीच्या पाठीवर काळ्या रेघांचं स्टिकर लावलं होतं. आपलं काम संपलं की ते स्टिकर यंत्रासमोर धरायचं, हिरवं बटण दाबायचं, की मूर्ती टीव्हीवर पुढच्या रकान्यात जायची. मी रंगखात्याची मुख्य. लग्न होऊन गावात आले तेव्हापासून तिथेच रंग लावत होते. टीव्हीवर माझा रकाना मधोमध होता आणि मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

"बघा," ती म्हणाली, "आपल्याकडे सगळं भराभर होतं आणि शेवटी वामनदादांपाशी येऊन तुंबतं. बाटली कितीही मोठी असू दे, पाणी तोंडातून येईल तेवढंच येणार. वामनदादा म्हणजे आपल्या बाटलीचं तोंड."

"हे त्यांना तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

वामन घरत आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे काढायचं काम, आणि ते आमच्याकडे त्यांच्याशिवाय कुणी करत नसे. कोपऱ्यात पडदा लावलेली त्यांची खोली होती. आत कुणी जायचं नाही, चहासुद्धा पडद्याखालून सरकवायचा. संक्रांतीपासून होळीपर्यंत त्यांना कामच नसायचं, कारण रंगवून झालेल्या मूर्तीच नसायच्या. तेव्हा पडद्याआडून नुसतं घोरणं ऐकू यायचं. आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या दारात मूर्तींची ही रांग, बाहेर शेठ हात चोळत उभे, आणि आत दादा एका भुवईवर तासभर बसलेले. घाई करा म्हटलं की चहा मागायचे.

वहिनीचं म्हणणं असं की दादांकडून मोकळ्या दिवसांतच पांढऱ्या मूर्तींचे डोळे काढून घ्यायचे, वर कागदी चिकटपट्टी लावायची, मग आम्ही खुशाल अंगाला रंग मारायचा. शेवटी पट्टी काढली की मूर्ती तयार. ऐकायला इतकं सरळ होतं की मला काही खोट काढता येईना, आणि मी खोट काढण्यात कमी नाही.

शिवाय प्रश्न कंटेनरचा होता. परदेशातल्या मंडळांच्या मूर्ती आमच्याकडून बोटीने जायच्या, मे महिन्यात. गेल्या वर्षी बोट चुकली होती. शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सूनबाई, यंदा कंटेनर वेळेत भरलास तर कारखाना तुझ्या हातात देतो. नाही भरला तर शेड त्या रिसॉर्टवाल्याला. माझ्यात आता दम नाही." रिसॉर्टवाला येऊन शेड मोजूनही गेला होता. मी जिथे रंगाला बसायचे तिथे त्याला पोहायचा तलाव करायचा होता. बाया म्हणाल्या, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं करू.

राहिले वामनदादा. ते थयथयाट करणार या आशेने आम्ही सगळ्या पडद्याभोवती जमलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पांढऱ्या मूर्तीला डोळे," ते म्हणाले.

"हो, दादा."

"आणि मग ह्या बाया तिला रंग मारणार. खरखरीत राहिली असली तर पोटाला पॉलिशपेपर लावणार."

"हो. पण डोळ्यांवर पट्टी असेल ना."

"बरं," दादा म्हणाले. "ते मशीन कसं दाबायचं तेवढं दाखव."

आमची निराशाच झाली. दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या मूर्तींचे ट्रे पडद्याआड जायला लागले आणि डोळ्यांवर पट्ट्या लावून बाहेर यायला लागले. आणि काय तो वेग. दिवसाला एक ट्रे करणारा माणूस दुपारच्या आत चार-चार ट्रे बाहेर ढकलायचा. टीव्ही हिरवागार. वहिनीने त्याचा फोटो काढून तिच्या सरांना पाठवला. सरांनी अंगठा पाठवला. म्हाताऱ्याच्या अंगात काय संचारलंय, असं मी हौसाला म्हटलंसुद्धा.

हौसा माझ्या शेजारी बसायची. रंगात तिचा हात सगळ्यांत चलाख आणि तोंड सगळ्यांत घाण. पट्टीवाला पहिला ट्रे तिच्याचकडे आला. मूर्ती रंगवायची आमची पद्धत अशी की जमिनीवर बसायचं, मूर्ती दोन पावलांमध्ये घट्ट धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हौसाने सवयीने मूर्ती पायात धरली, पीतांबरासाठी कुंचला उचलला आणि तशीच थांबली.

"इंदू, याला डोळे हायत."

"पट्टी आहे की वर."

"पट्टीच्या खाली तर हायत. आन् मी याला पायात धरलाय." तिने मूर्ती हलकेच खाली ठेवली, उठून उभी राहिली आणि हात जोडले. "मना नाय जमणार बाय."

एकेक करत सगळ्या उठल्या. मी समजावलं. अगं, अजून प्राणप्रतिष्ठा कुठे झाली आहे, ज्याच्या घरी जाईल तिथला भटजी ती करणार, तोवर ही मातीच. हौसा म्हणाली, "मग तू धर पायात."

मी धरला नाही.

तिथून जे सुरू झालं ते काय सांगू. आधी चपला दाराबाहेर गेल्या. मग शिव्या गेल्या. हौसा "अगं बाई" च्या पुढे जाईना, आणि शिवी दिल्याशिवाय तिचा हातच चालत नसे. मग आला डब्याचा प्रश्न. सुक्या जवळ्याशिवाय आमच्या बायांचं जेवण होत नाही, आणि देवासमोर जवळा खाणार कसा? मग उन्हात दूर बांधावर जाऊन जेवायचं, हातपाय धुवायचे, चूळ भरायची, पदर झटकायचा आणि मग आत यायचं. जेवणाची सुटी लांबत लांबत चहाच्या सुटीला जाऊन भेटली. कुणी रोज जास्वंद आणून वाहायला लागलं. ती फुलं ओल्या रंगाला चिकटायची, ती काढायला आणखी एक बाई बसवावी लागली. मूर्तीकडे पाठ करून बसायचं नाही म्हणून सगळ्या भिंतीला टेकून बसायच्या आणि रंगाचे डबे राहायचे मधोमध. ओळीने पट्ट्या लावलेले गणपती बघून मला तर मोतीबिंदूचं शिबिर भरल्यासारखं वाटायचं.

टीव्हीवर माझा रकाना लाल झाला. मधोमधच असल्याने तो शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसायचा.

वहिनीने उंच चौरंग आणले, उभ्याने रंगवा म्हणाली. उभ्याने हात कापायचे. मग एका दुपारी तिचा संयम सुटला. ती आमच्यामध्ये जमिनीवर बसली, एक गणपती ओढला, दोन पावलांत धरला आणि माझ्या हातातला कुंचला घेतला.

"हा माल आहे," ती म्हणाली. "अर्धा झालेला माल. बघा आता."

जन्मात तिने कुंचला धरला नव्हता. पिवळा रंग पीतांबरावरून मांडीवर, मांडीवरून उंदरावर ओघळला. कुणी हसलं नाही. रंग मारून झाल्यावर ती म्हणाली, "बघा. झालं का काही?"

जे व्हायचं ते पीतांबराचं झालं होतं. ती मूर्ती उचलून ऑफिसात घेऊन गेली आणि कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर दाराबाहेर बायांच्या चपलांच्या शेवटी तिच्याही चपला होत्या. नंतरनंतर तर ती ऑफिसातही त्या कपाटाकडे पाठ होणार नाही अशी वाकडी बसायला लागली.

कंटेनरची तारीख जवळ येत चालली. डोळे पुसा म्हणावं तर देवाचे डोळे पुसणार कोण? शेवटी शेठनीच तोड काढली. देव आला असला तर त्याला रीतसर परत पाठवायचा. बापटगुरुजींना बोलावलं.

"बसवलेल्याच नाहीत त्या गणपतींची उत्तरपूजा?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी," वहिनी म्हणाली, "देव आत आला असेल तर जाईल. आला नसेल तर आपलं काय बिघडलं?"

गुरुजींनी बराच वेळ विचार केला. त्यांनाही खोट सापडली नाही. टीव्हीवर उत्तरपूजा नावाचा नवा रकाना उघडला. गुरुजी एकेका ट्रेवर अक्षता टाकायचे, आम्ही मूर्ती जागची हलवायची, गुरुजी "पुनरागमनाय च" म्हणायचे आणि हिरवं बटण दाबायचे. संध्याकाळपर्यंत त्यांचा हात असा बसला की बटण आधी आणि मंत्र मागाहून व्हायला लागला. सगळे गणपती हिरवे झाले. वहिनीने सुटकेचा श्वास सोडला.

"चला ग," हौसा पदर खोचत उठली. "झाली उत्तरपूजा. आता विसर्जन."

वहिनीला आधी कळलंच नाही. मग दोघींनी एक ट्रे उचलला, तिसरी ढोलकी आणायला निघाली, तेव्हा कळलं. उत्तरपूजा झालेला गणपती घरात ठेवतात का? शेठ प्लास्टरच्या गोणीवर मटकन बसले. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि एवढी शिकलीसवरलेली पोर, तिचे डोळे भरून आले होते.

"इंदूताई, कंटेनर," एवढंच म्हणाली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी दारात आडवी उभी राहिले.

"हौसा, विसर्जन कशात करतात?"

"पाण्यात."

"समुद्र जवळ असेल तर?"

"तर समुद्रात. ते तर बेसच."

"हा कंटेनर कुठे चाललाय?"

"बोटीवर."

"आणि बोट?"

हौसाने ट्रे खाली ठेवला. विचार करताना ती नेहमी नाक ओढते, तसं ओढलं. "पन बोट पार पलीकडे जाईल ना. ते परत निघतील बाहेर."

"म्हणजे पुनरागमन झालं की. गुरुजी दिवसभर दुसरं काय म्हणत होते? आपण समुद्रात सोडायचं, एवढंच आपलं काम. आणि तू रंग न लावता, असा उघडाबोडका पाठवणार आहेस का देवाला?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात कंटेनरला मनाई नाही. हौसा बसली, गणपती पायात धरला, कुंचला फाटलेला निघाला म्हणून कुंचल्याच्या आईवरून एक सणसणीत शिवी हासडली, आणि मला कळलं की काम सुरू झालं.

मग काय विचारता. दुपारी शेडभर जवळ्याचा वास आणि टीव्ही पुन्हा हिरवा. कंटेनर यायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची मूर्ती रंगून झाली. वहिनीने पेढे आणले. शेठनी किल्ल्यांचा जुडगा खिशात आणून ठेवला होता, सुनेला द्यायला. आता फक्त पट्ट्या काढायच्या आणि पेटीत भरायचं. पहिली पट्टी काढायचा मान मला मिळाला.

मी देवाचं नाव घेतलं आणि पट्टी ओढली.

खाली पांढरं होतं. नुसतं पांढरं. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी काढली, तोही पांढरा. मला वाटलं पट्टीबरोबर रंग निघाला, म्हणून पट्टी उलटी करून पाहिली. तीही कोरी. हौसाने शेजारच्या मूर्तीची काढली, वहिनीने तिसरीची काढली. मग आम्ही वेड्यासारख्या ट्रेच्या ट्रे सोलत सुटलो. एकालाही डोळे नव्हते. होळीच्या आधीपासून आम्ही ज्यांना घाबरत होतो, ज्यांच्यासाठी बांधावर जाऊन जेवलो, ज्यांची उत्तरपूजा केली, त्या देवाने आम्हाला पाहिलंच नव्हतं. आणि पट्टी उचलून बघायची कुणाची छाती झाली नव्हती, कारण खाली डोळे असतील अशी भीती.

"दादा," वहिनीने हाक मारली.

पडदा सरकला. वामनदादा बाहेर आले.

"मशीनमध्ये डोळे झाले असं आहे," ती म्हणाली. "प्रत्येकाचं."

"मशीनला 'झालं' एवढंच पाहिजे होतं. मी म्हटलं, झालं."

"पण का, दादा?"

"का म्हणजे? डोळे काढल्यावर कुणी पोटाला पॉलिशपेपर लावतं का? मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तुझ्याकडे टीव्ही आहे. म्हटलं, पट्टी लावू, डोळे शेवटी काढू, नेहमीसारखे." मग त्यांनी ट्रेच्या ओळी बघितल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "एवढे होतील असं वाटलं नव्हतं मला."

शेठ गुरुजींना फोन लावून दक्षिणा परत मागत होते. हौसाने दादांना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मी डोक्याला हात लावून बसले. माझ्या डोळ्यांपुढे पोहायचा तलाव आला, निळं पाणी, रिसॉर्टवाल्याची पोरं त्यात उड्या मारतायत.

वहिनी मात्र एका मूर्तीपुढे उकिडवी बसली होती. बोट त्या पांढऱ्या जागेवरून फिरवत होती. एकदम तिने विचारलं, "दादा, एका डोळ्यात किती कामं असतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे पांढरं, वरची रेघ, खालची रेघ, भुवई, बुबुळ. यातलं तुमच्याच हाताने व्हायला पाहिजे असं कुठलं? खरं सांगा."

आयुष्यात हे दादांना कुणी विचारलं नव्हतं. चहा मागतील असं मला वाटलं, पण नाही मागितला.

"बुबुळ," ते म्हणाले. "बाकी सगळा माझा भाव खायचा कार्यक्रम."

"पांढरं पट्टीखाली तयारच आहे. रेघा आणि भुवया या बाया करतील. तुम्ही फक्त बुबुळ."

"रेघ चुकली तर?"

"तर तुम्ही ओरडायचं."

त्यांनी पडदा उपटून काढला. उपटूनच, दांडीसकट. शेडच्या मधोमध स्टूल टाकून बसले. आम्ही दोन्ही बाजूंनी मूर्ती सरकवत होतो, मी भुवया काढत होते, हौसा वरची रेघ मारत होती, आणि दादा एकेकाला बुबुळ देत होते, दोन टिपके, पुढचा. ओरडत तर अखंड होते. डोळा उघडला की मूर्ती पुन्हा जमिनीवर टेकायची नाही, थेट पेटीत गवतावर, हे कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी पाळलं. जवळ्याचे डबे आपोआप बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता कंटेनरचा ड्रायव्हर आला तेव्हा शेवटची पेटी ठोकत होते. तो पंजाबी माणूस, ढोलकी आणि मोरया ऐकून गडबडला आणि बूट काढून गाडीत चढला. कंटेनर फाटकाबाहेर पडला. शेठनी किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. तलाव गेला खड्ड्यात.

सगळ्या पांगल्यावर वहिनीने टीव्हीकडे पाहिलं. सगळे रकाने रिकामे, फक्त एकात एक मूर्ती अडकलेली. काम चालू.

ती ऑफिसात गेली, कपाट उघडलं आणि तो पिवळा ओघळलेला गणपती घेऊन आली. पट्ट्या तशाच होत्या.

"हे काय, पीतांबर का पडदा?" दादा म्हणाले. "कुणी रंगवला?"

"मी." ती मूर्ती धरून उभीच राहिली. "पायात धरून. दादा, मी म्हटलं हा माल आहे. सगळ्यांसमोर पायात धरला मी त्याला. तेव्हापासून मला जेवण जात नाही. माझा विश्वास नाही या गोष्टींवर, खरंच नाही, पण झोप लागत नाही."

हे मला नवीन नव्हतं, पण तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

दादांनी मूर्ती हातात घेतली. "तू धरलास तेव्हा याला डोळे होते का?"

"नव्हते."

"मग याने पाहिलं नाही, पोरी. म्हणून तर काढले नव्हते. जा, जेवून घे."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने दादांनी कुंचला पुसला आणि विचारलं, "काढू याचे आता?"

"नको," ती म्हणाली. "एवढ्या एकाला राहू द्या."

आता वामनदादा नाहीत आणि मीही कामावरून सुटून बसले आहे. कारखाना केतकीच चालवते. आखणी आता सगळ्या बाया करतात, आणि ती रंगानंतर, शेवटी. परवा सहज गेले होते. नवा मोठा टीव्ही लागलाय. हिशेब तपासायला आलेला कुणी माणूस तिला सांगत होता, "मॅडम, ही एक मूर्ती कित्येक वर्षं अर्धवट दाखवतेय. चूक दिसतेय. काढून टाकू?"

"चूक नाही," ती म्हणाली. "काम चालू आहे."

तो गेल्यावर तिने कपाट उघडलं. पट्टी लावलेला तो गणपती आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला, आणि मी माझा डबा उघडला. जवळाच होता.